मामांच्या पानातली जिलबी

आमच्याकडे लग्न पत्रिकेवर ठरत नाही, पंगतीत ठरतं. मुलीच्या बापाने मुलाच्या मामाच्या पानात एक जिलबी वाढायची, मामाने ती कुंग फूने अडवायची, आणि ती जिलबी पानात पडून मामाच्या पोटात गेली तरच लग्न. जमिनीवर पडली तर स्थळ मोडलं. मग पुढच्या अधिक महिन्यापर्यंत त्या दोन घरांनी एकमेकांचं नावही काढायचं नाही. सगळ्या तालुक्यात हीच रीत आहे, त्यात नवल काही नाही.

नवल होतं ते मामांचं. आमच्या तनुजाने पसंत केलेला मुलगा निरंजन, आणि त्याचे मामा म्हणजे सांगलीचे तात्यासाहेब तोडकर. त्यांच्या पानात आजवर कुणाच्याही बापाला जिलबी वाढता आलेली नव्हती. निरंजनचे दोन थोरले भाऊ बिनलग्नाचे घरी बसलेत ते मामांच्याच कृपेने. आणि आमच्याकडून उभं कोण राहणार? तर तनुजाचे बाबा, आमचे डॉक्टर. होमिओपॅथीचे. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा माणूस, आवाजही तेवढाच. तनुजाने मला आधीच बजावलं होतं, "आई, निरंजन नाही तर कुणीच नाही." पोरगी माझ्यावर गेलीय, बोलली म्हणजे बोलली.

त्यात हसण्याची अट वेगळीच. लढत बघून पंगतीला हसू फुटावं लागतं. हसू नाही आलं तर ती नुसती मारामारी, आणि मारामारीने का कुठे लग्नं जुळतात?

डॉक्टरांना शिकवायला मीच कंबर कसली. कॉलेजात असताना एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ पार्लरमध्ये भावाबरोबर जाऊन मी कुंग फूचे विनोदी सिनेमे बघितलेत. बायकांसाठी मागचं एक बाकडं होतं, त्यावर मी एकटी. भाषा चिनी, खालची अक्षरं पुसट, पण माझं काही अडलं नाही. त्यातला हिरो आपल्यातलाच वाटायचा हो. बुटका, भुकेला, कामाचा कंटाळा असलेला. त्याला गुरू मिळायचा तोही झिंगलेला म्हातारा. आणि मुख्य म्हणजे हिरोला लागायचं! बुक्की मारली की स्वतःचाच हात झाडत बसायचा, बोटांवर फुंकर घालायचा. आपले हिरो दहा जणांना लोळवतात आणि केसांचा भांगसुद्धा मोडत नाही, त्यांचं मला कधी खरं वाटलं नाही. हा आपला स्टूल, शिडी, पातेलं, जे हाताला लागेल त्याने लढायचा, मार खायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. मी हसून हसून रडायची आणि घरी येऊन आईची बोलणी खायची.

तर डॉक्टरांना मी ओट्याशेजारी अर्ध्या बैठकीत उभं केलं, मांड्यांवर भरलेल्या वाट्या ठेवल्या आणि पोळ्या लाटत बसले. माझ्या हातातला लाडू हिसकावला तरच जेवण. पहिले काही दिवस बिचारे उपाशीच दवाखान्यात गेले. पण महिनाभरात भिंतीवर चालायला लागले. पंख्याच्या वर मात्र मी त्यांना जाऊ देत नव्हते.

दोन गोष्टी काही केल्या जमेनात. एक म्हणजे त्यांना बघून कुणालाही हसू येईना. जुने सिनेमे दाखवले तर हे सुतकी चेहऱ्याने बघणार आणि म्हणणार, "या मुलाच्या खांद्याला अर्निका द्यायला हवी होती." अर्निका म्हणजे मुका मार लागल्यावर द्यायच्या त्यांच्या गोळ्या. दुसरी खोड त्याहून वाईट. सरावात चुकून त्यांचा पाय मला लागला की हे लढाई थांबवून वाकायचे, मला हात लावायचे आणि तो कपाळाला लावायचे.

"अहो, लाथ मारताय की पाया पडताय?" मी ओरडायची.

"पाय लागला ना गं."

"सिनेमात कुणी करतं का असं?"

"त्यांना कुणी शिकवलं नसेल," ते म्हणायचे आणि पुन्हा बैठकीत उभे राहायचे. मी कपाळावर हात मारून घेतला.

पंगतीच्या दिवशी तहसील कचेरीतून आग्रह निरीक्षक लोखंडेबाई आल्या. गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. त्यांनी नियम सांगितले. मामांनी पाट सोडायचा नाही. दोघांनी भाषा आर्जवाची ठेवायची. जिलबी पानात पडायला आणि हसू फुटायला पंगतीचा ताकभात संपेपर्यंत वेळ. मामांनी मुद्दाम ढिलाई केली किंवा पंगतीत कुणी खोटं हसलं तर स्थळ रद्द. मामांनी मान डोलावली. समोर त्यांची बहीण, म्हणजे निरंजनची आई कुसुमताई, पदर घट्ट आवळून बसल्या होत्या. थोरल्याचं मोडल्यापासून बाई हसलेली कुणी पाहिली नव्हती.

"तात्यासाहेब, एकच घ्या हो," डॉक्टर परात घेऊन पुढे झाले.

"छे छे, पोट अगदी भरलं," मामा म्हणाले आणि त्यांनी पाटासकट गिरकी घेतली.

डॉक्टरांची जिलबी जिथे पान होतं तिथे गेली, तर पान दुसरीकडे. डावीकडून गेले, मामांचा तांब्या आडवा. मांडवाच्या शिडीवर चढून वरून सोडली, मामांनी ती वाटीत झेलली आणि परातीत परत टाकली. "आग्रह नको हो!" डॉक्टर भिंतीवरून धावत आले, पंख्याच्याही वर गेले. तिथून त्यांनी जिलबी सोडली, मामांनी पत्रावळ उचलून तिला नुसता वारा घातला आणि जिलबी तरंगत तरंगत शिडीच्या टोकावर जाऊन अडकली. एकही माणूस हसला नाही. पंगत नुसती डोळे फाडून बघत होती आणि ताकभाताचे घास गिळत होती. तनुजाने माझा हात इतका दाबला की बांगडी वाढली.

मामा पाय वापरत होते, पण फक्त परातीवर. लाथ यायची ती परातीच्या काठाला, डॉक्टरांच्या अंगाला कधीच नाही. मला वाटलं, हा म्हातारा किती नेमका आहे! डॉक्टरांनी मात्र वेगळंच काहीतरी पाहिलं असावं. कारण पुढच्या लाथेला त्यांनी परात बाजूला केली आणि स्वतःची छाती पुढे केली.

असा आवाज झाला की आचारी बाहेर आला. डॉक्टर उताणे पडले. आणि मामांचा चेहरा उतरला. पाय लागला होता! तोही व्याह्याला! अशा वेळी एका हाताने भागत नाही. तात्यासाहेबांचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले, मान खाली झुकली. पान उघडं पडलं. डॉक्टरांनी पडल्या पडल्या हात लांब केला आणि जिलबी मिठाच्या शेजारी ठेवली.

"जिलबी मान्य," लोखंडेबाई म्हणाल्या. "हसू नाही."

अगं बाई! पंगतीत दोघा-तिघांच्याच पानात ताकभात उरला होता. माझा भाऊ उगाच खाकरून हसायच्या बेतात होता, लोखंडेबाईंनी शिट्टीला हात घालताच त्याने तोंड मिटलं. शेवटचे घास उचलले जात होते. मी देवाला हाका मारत होते आणि डॉक्टरांवर मनातून चिडतही होते, की माणसाला एवढ्या वर्षांत एक विनोद येऊ नये?

डॉक्टर कण्हत उठून बसले. बरगडीला हात लावून बघितलं, बोटांवर फुंकर घातली. मग खिशातून बाटली काढली आणि गंभीरपणे मामांसमोर धरली.

"तात्यासाहेब, तुमच्या पायाला लागलं असेल. अर्निका आहे. जिभेखाली ठेवा, चावू नका."

मग कुसुमताईंच्या नाकातून ताक आलं. आधी त्या खोकल्या, मग पदर तोंडाला लावला, मग पदरही आवरेना. त्यांच्या पाठोपाठ सगळी पंगत. आचारी झारा टेकून हसत होता, दोन्ही थोरले भाऊ एकमेकांच्या अंगावर पडत होते. डॉक्टर सगळ्यांकडे बघत होते, त्यांना काही कळलं नव्हतं.

"हसू मान्य," लोखंडेबाई म्हणाल्या. त्यांची ती रेघ जरा वाकडी झाली होती.

पण तोवर मामांनी गोळ्या जिभेखाली टाकल्या होत्या. "डॉक्टर," ते जीभ न हलवता म्हणाले, "औषधावर अर्धा तास काही खायचं नसतं ना?"

"नसतं," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नाही.

मामांनी जिलबी खाल्ल्याशिवाय पंगत उठणार नव्हती. सगळे उष्टे हात धरून बसून राहिले. एक मुंगी पानाच्या दिशेने निघाली, तिच्यावर तनुजाने नजर रोखली. शेवटी लोखंडेबाईंनी घड्याळ बघून मान हलवली. तात्यासाहेबांनी जिलबी उचलली आणि सावकाश, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, जमलं गं एकदाचं," ते बहिणीला म्हणाले. मला तर रडूच फुटलं. तनुजाने मला मिठी मारली, निरंजन उगाचच सगळ्यांना पाणी वाढत सुटला.

पंगत उठायला लागली. डॉक्टर मामांच्या पानाकडे बघत होते.

"तात्यासाहेब," ते म्हणाले, "अजून एक घ्या की."

आता कसलीच गरज नव्हती. लग्न ठरलं होतं. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हळूच पाट सरळ केला आणि पानावर हात आडवा धरला.

"छे छे, पोट अगदी भरलं."

अर्धी उठलेली पंगत पुन्हा खाली बसली. लोखंडेबाईंनी गळ्यातली शिट्टी काढून पर्समध्ये ठेवली आणि बसायला एक पाट मागवला. डॉक्टरांनी बरगडी दाबली, परात उचलली आणि ते शिडीकडे निघाले.