वैयक्तिक शस्त्राबाबत अर्ज

कमांडो व्हायला आलेल्या चाळीस उमेदवारांपैकी एकोणचाळीस जणांना, पहाऱ्यावर खिशात स्वतःचा चाकू ठेवलेला चालतो का, असा प्रश्न पडला नाही. चाळिसाव्याला पडला, आणि त्याने तो लेखी विचारला.

यात त्याचा दोष निम्माच. त्याचे वडील तीस वर्षं नोंदणी कचेरीत कारकून होते. दूधवाल्याला 'उद्या नको' सांगायचं तरी ते चिठ्ठी लिहीत आणि चिठ्ठीवर तारीख घालत. मुलगा निघाला तेव्हा त्यांनी आपला जुना घडीचा चाकू त्याच्या हातात ठेवला आणि बजावलं, "आधी परवानगी घे. तोंडी नको. तोंडी सांगणारे उद्या कानावर हात ठेवतात." मुलाने ऐकलं. तो लहानपणापासून ऐकतच आला होता.

अर्ज हेडक्लार्ककडे गेला. त्याने जागेवर 'नाही' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण असा अर्ज पूर्वी कधी आलाच नव्हता, आणि मागचा कागद पाहिल्याशिवाय हेडक्लार्क शिंकतसुद्धा नसे. त्याने नवी फाइल उघडली, चाकू लिफाफ्यात घालून लाखेने बंद केला, कागद वर पाठवला आणि आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून खाली एक ओळ जोडली: निर्णय होईपर्यंत सदर उमेदवाराने कोणतेही शस्त्र हाताळू नये.

झालं. एक शस्त्र जास्त मागायला गेलेल्याचं होतं तेही गेलं. सकाळी सगळ्यांना रायफली मिळायच्या आणि हा मोकळ्या हातांनी रांगेत उभा. बारा दिवसांनी नेमबाजीची परीक्षा होती. तिच्यात जो नापास होईल किंवा उतरणारच नाही, त्याने त्याच संध्याकाळी घरचा रस्ता धरायचा. याच शिबिरासाठी तो तीन वर्षं रोज पहाटे उठून धावला होता. तो रोज कचेरीत जाऊन चौकशी करी आणि हेडक्लार्क बोटाने छताकडे दाखवी. फाइल वर होती.

मग त्याची फाटकावर पहाऱ्याची पाळी आली. शिकवणाऱ्या उस्तादांनी पाहिलं, तर भावी कमांडो लग्नात पाहुण्यांचं स्वागत करायला उभा असल्यासारखा हात बांधून उभा.

"शत्रू आला तर काय करशील? या, बसा म्हणशील?"

उस्तादांनी स्वयंपाकघरामागच्या वेलाचा टेकू उपटला आणि त्याच्या हातात दिला. तेव्हापासून तो ती काठी घेऊन धावला, काठी घेऊन चिखलातून सरपटला, काठी घेऊन पहारा दिला. बाकीचे तिचा पल्ला किती म्हणून विचारत. तोही हसायचा. एकदा मात्र न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून तो मनसोक्त रडला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी उत्तर आलं. पाच सह्या, आणि वर एकच शब्द: नाही. नकार मिळाल्यावर इतका आनंद क्वचितच कुणाला झाला असेल. तो तसाच रायफल घ्यायला भांडाराकडे पळाला.

"आधीचं शस्त्र जमा कर," स्टोअरकीपर म्हणाला. "एका माणसाकडे दोन चालत नाहीत."

त्याने काठी टेबलावर ठेवली. स्टोअरकीपरने नोंदवही पुढून पाहिली, मागून पाहिली. काठी कुठेच नव्हती.

"ही आमची नाही."

"मग कुणाची?"

"इतके दिवस तुझ्या हातात आहे, म्हणजे तुझी. स्वतःचं शस्त्र घेऊन पहारा दिलास तू. परवानगी आहे?"

"आजच नाकारली," तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला.

स्टोअरकीपर माणूस वाईट नव्हता. त्याने एक कोरा कागद पुढे सरकवला, खुलासा लिहायला पेनही स्वतःचं दिलं. बाहेर पहिल्या तुकडीच्या गोळ्यांचे आवाज सुरू झाले होते. कारकुनाच्या मुलाचा हात आयुष्यात पहिल्यांदाच कागदावर चालेना.

तेवढ्यात त्याला शोधत उस्ताद आले. सगळी हकिगत त्यांनी ऐकून घेतली. मग काठी उचलून गुडघ्यावर मोडली, खाली वाकून बुटातून एक छोटा चाकू काढला आणि दोन्ही तुकड्यांना भराभर टोकं काढली. चाकूची लाकडी मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली होती, आणि असल्या मुठीचा चाकू कुठल्याही सरकारी भांडारातून मिळत नाही.

"निशाणाच्या खुंट्या, दोन. लिहून घे."

स्टोअरकीपरने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग लिहून घेतलं, आणि रायफल टेबलावर आली.

चाकू पुन्हा बुटात शिरला, ते उमेदवाराने डोळ्यांनी पाहिलं. त्याचे ओठ हलले.

"काही विचारायचंय?" उस्तादांनी विचारलं.

"नाही, उस्ताद," तो म्हणाला, आणि रायफल घेऊन मैदानाकडे धावत सुटला.