गायब जाळी आणि माझं बोट

माझं वर्णन मीच केलेलं बरं, कारण इतरांनी केलं की त्यात मत्सर मिसळतो. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं, आणि मेंदू असा की त्याच्या तोडीचा दुसरा मला अजून भेटलेला नाही. पहिला तरी कुठे भेटलाय, असं बायको म्हणते. तिच्याकडे दुर्लक्ष करावं. आमच्या भागात 'खाजगी गुप्तहेर' अशी पाटी लावणारा मी एकटाच. पाटीखाली तिची शिवणकामाची पाटी आहे आणि लोक बहुधा तीच वाचून जिना चढतात. पण त्या दिवशी आलेले गृहस्थ पँट आखूड करायला आलेले नव्हते. पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याचे ते मालक होते.

बायकोने लगेच शोकेसमधले सोनेरी काठाचे कप काढले. एरवी आम्ही कान तुटलेल्या कपातून पितो.

"आमच्या एका प्रेसवाल्याची दोन बोटं गेली," मालक म्हणाले.

"शेवटची कुणी पाहिली होती?" मी पेन उघडलं.

"बोटं नाही हो शोधायची! जाळी शोधायची आहे."

मग सगळं उलगडलं. प्रेस म्हणजे दणकन खाली येणारा लोखंडी ठोकळा. खाली पत्रा सरकवायचा, झाकण तयार. हात आत जाऊ नये म्हणून पुढे जाळी लावलेली असते. अपघात झाला तेव्हा ती जाळी जागेवर नव्हती. प्रेसवाल्याने भरपाई मागितली होती. मालकांच्या वकिलाचं म्हणणं असं, की जाळी त्यानेच मुद्दाम काढली असं दाखवता आलं तर दमडीही द्यावी लागणार नाही.

"थोडक्यात, तुम्हाला सत्य हवंय," मी म्हणालो.

"तसा काही हट्ट नाही," मालक म्हणाले. "जाळी त्याने काढली एवढं कळलं तरी पुरे."

गिऱ्हाईक असं स्पष्टवक्तं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या स्कूटरवर मागे बसून मी कारखान्यात पोहोचलो. अंगात लांब कोट, डोक्यावर हॅट, हातात भिंग आणि चेहऱ्यावर खास तपासासाठी राखून ठेवलेल्या आठ्या. मला पाहताच फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला आणि तो आत पळत सुटला. कीर्ती माणसाच्या पुढे धावते म्हणतात, ती अशी.

आत कानठळ्या बसवणारा आवाज, पायाखाली तेल. कामगार बोडक्या डोक्याने, स्लिपरा घालून, उघड्या हातांनी धारदार पत्रे उचलत होते. ज्या प्रेसवर अपघात झाला तिच्या पुढे बोल्टची रिकामी भोकं होती. मी त्यातून डोळा लावून पाहिलं. पलीकडून बायकोचा डोळा दिसला.

"अहो, यात बोट घालू नका," ती म्हणाली.

ऑफिसच्या दाराशी मालकांची आई बसली होती. सगळे तिला मोठी आई म्हणत. कारखान्याचं सामान तीच सांभाळायची आणि सुतळीचा तुकडासुद्धा तिच्या हातून फुकट जात नसे. माझा कोट पाहून ती लगबगीने उठली आणि कमरेच्या किल्ल्या वाजवत मागच्या खोलीकडे गेली. म्हातारं माणूस, असेल काही काम, असं म्हणून मी आत शिरलो.

आत प्रेसवाला बसला होता. चौकशीसाठी त्याला मालकांनीच बोलावून घेतलं होतं. त्याच्या उजव्या हाताला घरच्या जुन्या ओढणीचं फडकं बांधलेलं होतं. मालकांसमोरच मी त्याला धारेवर धरलं.

"अपघाताच्या वेळी तुमचं लक्ष कुठे होतं?"

"पत्र्यावर, साहेब."

"बोटांवर का नव्हतं?" हा माझा पहिला सिद्धान्त. निष्काळजीपणा! मालकांनी मान डोलावली.

दुसरा त्याहून भेदक होता. "भरपाईच्या लोभाने तुम्ही बोटं मुद्दाम आत घातली. जाळी काढून भंगारात विकली, म्हणजे दोन्हीकडून फायदा!"

प्रेसवाल्याने उजवा हात पुढे केला. "साहेब, मी या हाताने जेवतो. सकाळी पोरीच्या वेण्या घालतो. बोटं विकायचीच असती तर डाव्या हाताची नसती का विकली?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तिसऱ्या सिद्धान्ताकडे वळलो. "ती बोटं तुम्हाला आधीपासूनच नव्हती, हे कशावरून खोटं?"

"अहो!" बायको ओरडली. मालकांना मात्र हाच सिद्धान्त सगळ्यात आवडला. त्यांनी मला तो दोनदा म्हणायला लावला.

एवढ्यात मला घटनास्थळ पुन्हा पाहण्याची प्रेरणा झाली. आम्ही सगळे बाहेर आलो आणि मी जागीच थिजलो. प्रेसवर जाळी होती! नवी कोरी, चकचकीत. कामगारांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं, डोळ्यांवर चष्मे, हातात जाड मोजे, पायात बूट. मघाशी बघितलेला कारखाना हाच का, अशी शंका यावी.

"पाहिलंत?" मी गरजलो. "माझ्या नुसत्या नजरेने चोर घाबरला आणि माल परत ठेवून गेला!"

"पण प्रेसवाले तर आपल्यासमोरच बसले होते," बायको म्हणाली.

"म्हणजे साथीदार आहे. कदाचित सगळेच साथीदार आहेत. कदाचित तूसुद्धा."

तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ती जाळीजवळ गेली आणि कोपऱ्याला चिकटलेलं प्लास्टिक नखाने खरवडलं. मग बाजूला पदराने घाम पुसत उभ्या असलेल्या मोठ्या आईला तिने विचारलं, "मावशी, ही जाळी कुणी लावली?"

"मीच लावून घेतली गं. सरकारी तपासणीचे साहेब आलेत ना." मोठ्या आईने माझ्या कोटाकडे बोट दाखवलं. "साहेब यायचे म्हटलं की सगळं काढते. गेले की पुसून परत कपाटात. चांगली वस्तू रोज वापरली तर राहील का?"

"म्हणजे एरवी ती मशीनला नसतेच?"

"एरवी कुणाला दाखवायची? हाच म्हणाला होता, आई, महागाचं सामान आहे, जपून ठेव."

मालक छताकडे पाहू लागले. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं, मी भिंगातून तपासलं.

आम्ही मागच्या खोलीत गेलो. लोखंडी कपाटाचं दार उघडंच होतं. वरच्या कप्प्यात एक पांढरी पेटी होती, प्रथमोपचाराची. तिचं सील तसंच होतं.

"बोटं गेली तेव्हा हाताला काय बांधलं होतं?" बायकोने प्रेसवाल्याला विचारलं.

"मशीन पुसायचं फडकं."

मोठी आई त्या पेटीकडे पाहत राहिली. "ही माझ्यापाशीच होती की," ती हळूच म्हणाली. "मला कुणी मागितली नाही. आणि मलाही सुचलं नाही रे बाबा." मला भयंकर राग आला. तो नेमका कुणावर काढावा ते कळेना, कारण यादीत माझंही नाव होतं. म्हणून मी कपाटाच्या चौकटीवर हात टेकवून भाषण सुरू केलं.

"मला पहिल्यापासूनच संशय होता," मी म्हणालो. "हा गुन्हा म्हणजे..."

"बंद कर आई ते कपाट!" मालक खेकसले. बावरलेल्या मोठ्या आईने आयुष्यभराच्या सवयीने दार ढकललं.

दाण!

मी काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही. बोट निघालं, पण तोवर कपाटाचं कुलूप पडलं होतं आणि पांढरी पेटी आत होती. मोठ्या आईला घाईघाईत किल्ली सापडेना. शेवटी प्रेसवाल्याने खिशातून रुमाल काढला आणि डावा हात व दात यांच्या मदतीने माझं बोट बांधलं.

"भरपाई!" मी मालकांना म्हणालो. "तुमच्या कारखान्यात, तुमच्याच कामावर असताना इजा झाली आहे!"

"तुमचं लक्ष कुठे होतं?" मालक म्हणाले. "पैशासाठी तुम्ही बोट मुद्दाम घातलं नाही कशावरून? आणि ते आधीपासूनच वाकडं असेल."

इतका निर्लज्ज युक्तिवाद मी जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता, पण माझ्याच तोंडून. तेव्हा तो फार हुशारीचा वाटला होता.

"साहेब," प्रेसवाला म्हणाला, "मी बघितलंय. तुम्ही मुद्दाम नाही घातलं. लागलं तर सांगेन मी तसं."

"मीही सांगेन," मी म्हणालो. "जाळी कुठे होती ते."

आणि भरपाईच्या सुनावणीत सांगितलं. मोठ्या आईनेही सांगितलं, मुलाच्या देखत आणि वकिलाने डोळे वटारले तरी. प्रेसवाल्याला भरपाई मिळाली. बोटं नाही मिळाली. पोरीच्या वेण्या तो आता डाव्या हाताने घालायला शिकतोय, वाकड्या येतात म्हणे. जाळीचे बोल्ट मोठ्या आईने स्वतः उभं राहून घट्ट करून घेतले आणि पाना किल्ल्यांच्या शेजारी कमरेला अडकवला. मुलाने मागितला तरी देत नाही.

माझा अर्ज मात्र अडकलाय. माझ्या बोटाचा छडा लावायला मालकांनी दुसरा गुप्तहेर नेमला आहे. काल तो घरी आला होता. लांब कोट, हॅट, हातात भिंग. "बोट आधीपासूनच वाकडं होतं का?" त्याने विचारलं.

बायकोने त्याला कान तुटलेल्या कपात चहा दिला. सोनेरी काठाच्या कपांतून हल्ली आम्ही दोघं पितो.