मांजराचा दाखला

आचऱ्याच्या पलीकडे आमचे लहानसे बंदर आहे. तेथील ग्रामपंचायतीने गेल्या महिन्यात माझे व्याख्यान ठेवले. विषय होता रोगकारक एकपेशीय परजीवींच्या मायटोकाँड्रियातील प्रथिननिर्मिती. व्याख्यान शांततेत पार पडले आणि गावातील सर्व मांजरे हद्दपार झाली. या दोन घटनांमधला दुवा मी.

माझे नाव हारिस. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीवर काम करतो. हा एका पेशीचा जीव. त्याच्या पोटात मायटोकाँड्रिया असतो, म्हणजे ऊर्जा तयार करणारा भाग, आणि त्या भागात प्रथिने जुळवणारे रायबोझोम नावाचे यंत्र असते. इतर बहुतेक जिवांत या यंत्राचा गाभा सलग असतो. या पठ्ठ्याच्या यंत्राचा गाभा मात्र तुकड्यातुकड्यांत विखुरलेला, आणि तरी ते तुकडे एकत्र येऊन काम करतात. एवढ्या खटाटोपातून तयार होतात अवघी तीन प्रथिने. हे यंत्र बंद पाडता आले तर परजीवी मरेल आणि माणसाला धक्का लागणार नाही, अशी आशा आहे. त्या आशेवर निदान माझा पगार तरी चालू आहे.

हे सगळे मी शाळेच्या पडवीत रंगीत चित्रांसह सांगितले. लोक फार मन लावून ऐकत होते. इतक्या शांततेचा अर्थ काय असतो, हे मला वर्गात शिकवून एव्हाना कळायला हवे होते. शेवटी सरपंच सुभद्राबाई उठल्या.

"डॉक्टरांनू, तुम्ही बरा सांगितलात. पण वायच सोप्या करून सांगा. ह्यो जंतू ऱ्हवता खंय?"

"बऱ्याच प्राण्यांत राहतो. पण त्याची पुढची पिढी तयार होते ती मांजराच्या आतड्यात."

"झाला! माका इतक्याच व्हया होता."

पुढे मी बरेच बोललो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, गरोदर बाईने जपावे, मटण नीट शिजवावे, मातीत काम केल्यावर हात धुवावेत, मांजर बहुधा आयुष्यात एकदाच आणि तेही थोडेच दिवस हा परजीवी बाहेर टाकते. पण तोवर खुर्च्या सरकू लागल्या होत्या आणि ग्रामसेवक जितेंद्र ठराव वाचत होते : "सदर परजीवी हा मांजर या माध्यमातून ग्रामपंचायत हद्दीत विनापरवाना प्रथिननिर्मिती करीत असल्याने, सदर माध्यम हद्दीबाहेर हलविण्यात यावे."

मी हरकत घेणारच होतो. तेवढ्यात सुभद्राबाईंनी माझ्या अंगावर शाल घातली आणि मला गावचे भूषण म्हटले. शाल अंगावर असताना हरकत घेणे मला उद्धटपणाचे वाटले.

मांजरे टेंपोत भरून तळेऱ्याच्या तिठ्यावर सोडण्यात आली. त्यांत माझ्या आईची सुरमय होती. अब्बा गेल्यापासून अम्मा घरात एकटी. मी शुक्रवारी फोन करतो, सुरमय रोज बोलत होती. रात्रीच्या जेवणाला अम्माने माझ्या ताटात बांगड्यांची नुसती डोकी वाढली.

"अम्मा, हे काय?"

"मांजर गेला. आता टकली कोण खातलो? खा तू. शाल गावली मां तुका?"

मी खाल्ली. काटे काढताना वर बघायचे धाडस झाले नाही. अम्मा मागच्या दारात वाटी आपटत बसली होती. त्या आवाजाला सुरमय यायची.

सकाळी मी तळेरे गाठले. मोबाइलमधला सुरमयचा फोटो वडापाववाल्याला दाखवला. तो म्हणाला, असा मांजर सगळीकडे आसा. दुपारपर्यंत हिंडून एक करडी मांजरी पिशवीत घालून आणली.

अम्माने एकदाच पाहिले. "ही सुरमय नाय."

"अगो, हीच!"

"सुरमयचो डावो कान फाटललो. हिचे दोनय कान धड आसत." मांजरी तिच्या मांडीवर चढून बसली होती. अम्माचा हात आपसूक तिच्या पाठीवर गेला. "हिची काय चूक? ऱ्हवांदे."

इतक्यात दारात जितेंद्र. "सर, ठराव असताना हद्दीत मांजर?"

मी अम्माकडे पाहिले. "या मांजराची तपासणी झालेली आहे."

"कोणी केली?"

"मी."

"पद्धत?"

"दृश्य."

त्यांनी लेखी मागितले. मी लिहिले : 'सदर मांजरातील परजीवीची मायटोकाँड्रियातील प्रथिननिर्मिती पाहणीच्या वेळी बंद असल्याचे आढळले.' खाली सही केली, पदवीसकट. पदवीचा गावात झालेला हा पहिला उपयोग.

पुढच्या आठवड्यात उंदरांनी बंदरावरची जाळी कुरतडली. बाबलीकाकांचे नवे जाळे तर असे झाले की त्यातून देवमासासुद्धा निसटला असता. घरोघर मांजर हवे झाले. टेंपो पुन्हा तळेऱ्याला गेला आणि दिसेल ते मांजर घेऊन आला. पण ठराव कायम होता, त्यामुळे दाखला सक्तीचा झाला. आमच्या अंगणात रांग लागली. पहिले बाबलीकाका.

त्यांना मी खरे ते सांगितले. "काका, हे नुसते बघून कळत नाही."

"मगे आवशीच्या मांजराचा कसा कळला?"

मी सही केली. दुसरीही केली. संध्याकाळपर्यंत मी मांजराकडे बघणेही सोडून दिले होते. आता शेजारच्या गावांतूनही मांजरे येतात. पुण्याला परत जायचे लांबवून मी रजा वाढवून घेतली आहे. माझा शोधनिबंध आजवर कोणी मागितला नाही, दाखल्याला मात्र लॅमिनेशन करतात. सुरमय सापडली नाही. अम्मा अजून अधूनमधून रिकामी वाटी आपटते, आणि करडी मांजरी धावत येते, तेव्हा थोडी ओशाळते. कोण ओशाळते ते मी लिहिणार नाही.

शहरातले माझे मित्र हे ऐकून पोट धरून हसतात. काय एकेक अडाणी लोक, म्हणतात. तुम्हीही हसला असाल. मग मघाशी वाचता वाचता मांजर पायाशी आले, तेव्हा पाय वर का घेतलेत?