दहा कपांवरून शून्यावर

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गेले चार महिने आठवड्यातून तीनदा माझं डोकं दुखायचं आणि दर वेळी मला वाटायचं, संपलं! (पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बंद झालेल्या फायली सांभाळणाऱ्या माणसाला सगळ्या गोष्टींचा शेवटच आधी दिसतो.)

अखेर बायकोने मला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही. सवयी सुधारा. वेळेवर जेवा, पाणी प्या, झोप पुरी करा. चहा किती घेता?"

"आठ कप," मी म्हणालो.

"दहा," बायको म्हणाली.

"मग तो हळूहळू कमी करा."

त्यातलं 'हळूहळू' माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही. समोरच्या भिंतीवर उभ्या चिरलेल्या डोक्याचं चित्र होतं आणि नेमकं मला दुखतं तिथेच लाल रंग दिला होता. ते बघत मी ठरवून टाकलं: सोमवारपासून चहा बंद. एक थेंबसुद्धा नाही.

सोमवार कसाबसा गेला. मंगळवारी दुपारी मात्र फायलीतली अक्षरं नाचायला लागली. डोळ्यांमागे कुणीतरी लोखंडी कपाट सरकवतंय असं वाटत होतं. शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "माझ्या मेव्हण्याचं अगदी असंच सुरू झालं होतं."

"मग? आता कसे आहेत ते?"

त्यांनी नुसतीच मान हलवली. (मेव्हणा परदेशात मजेत आहे, हे मला पुढे कळलं.)

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घर गाठलं. बायको चादरींच्या घड्या घालत होती.

"अगं, बस जरा. विम्याचे कागद कपाटात वरच्या खणात आहेत."

"माहितीये. मीच ठेवलेत."

"मी गेल्यावर..."

"कुठे?"

मी बोट वर केलं.

"गच्चीवर?"

मग तिने माझा चेहरा नीट पाहिला आणि चादर तिच्या हातातून सुटली. "अहो, काय होतंय तुम्हाला?" तिचा एवढासा झालेला आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या घरात घाबरायचं खातं माझ्याकडे आहे. तीच घाबरली म्हणजे माझं काही खरं नव्हतं!

निदान मन तरी मोकळं करून जावं म्हणून मी भडाभडा बोलत सुटलो. "तुझ्या बहिणीच्या लग्नाला मला रजा मिळाली नव्हती ना? मी मागितलीच नव्हती गं. आणि तुझ्या आईची काचेची बरणी मांजराने नाही फोडली..."

"असू दे हो," ती रडत म्हणाली. "आधी चपला घाला."

रिक्षात तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, ब्लडप्रेशर पाहिलं आणि विचारलं, "शेवटचा चहा कधी घेतलात?"

"रविवारी संध्याकाळी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दहा कपांवरून एकदम शून्यावर? मग डोकं दुखणार नाही तर काय होणार?" आणि स्वतःच्या थर्मासमधला अर्धा कप चहा माझ्यासमोर ठेवला.

अर्ध्या तासात कपाट सरकायचं थांबलं. मी जगणार होतो!

"आता रोज थोडा थोडा कमी करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि एक वही घाला. डोकं कधी दुखलं, कशामुळे दुखलं, ते लिहीत जा."

मी आनंदाने बायकोकडे वळलो. तिचे डोळे केव्हाच कोरडे झाले होते.

"मागितलीच नव्हती?" तिने अगदी हळू विचारलं. मग डॉक्टरबाईंना म्हणाली, "वही मीही घालते. माझंही आत्ताच सुरू झालंय."

आता मी दोन कपांवर आलोय, जेवण-झोप वेळेवर असते आणि डोकं महिन्यातून एखाद्याच वेळी दुखतं. परवा ती बाहेर गेली असताना मी भीत भीत तिची वही उघडली. तारखा होत्या, वेळा होत्या आणि 'कशामुळे' या रकान्यात पानभर एकच शब्द होता: 'हे'.

फक्त एक गुरुवार-शुक्रवार सुटला होता. तिथे लाल शाईत शेरा होता: 'हे ऑफिसच्या कामाने परगावी. पूर्ण आराम.'