वाट चुकलेला रणगाडा

सुटीच्या आदल्या दिवशी सकाळीच सैन्याचा एक रणगाडा वाट चुकून लाँड्रीच्या गल्लीत शिरला आणि तिथेच अडकला. लष्कराच्या प्रवक्त्यांनी कपाळाला हात लावला. आठ वर्षांनी बायकोबरोबर समुद्र बघायला मिळणार होता, घरी बॅगा भरून तयार होत्या.

त्यांनी एका ओळीचं पत्रक लिहिलं: 'रणगाडा वाट चुकला, क्षमस्व.'

सेनापतींनी ते वाचलं. "सैन्य वाट चुकत नसतं."

"साहेब, त्याच्या नळीवर लोकांच्या चादरी लटकतायत."

"नियोजित हालचाल, असं लिहा."

"कशासाठी, असं विचारतील."

"त्यावर बोलायचं नाही. यालाच व्यूहात्मक संवाद म्हणतात."

वाद घालायचं त्राण प्रवक्त्यांत आता उरलं नव्हतं. पत्रक गेलं आणि गावाने त्यातून लढाई काढली. दुपारपर्यंत दुकानांतलं पीठ आणि मेणबत्त्या संपल्या. मग 'घाबरण्याचं कारण नाही' असं दुसरं पत्रक निघालं, तेव्हा जे घाबरले नव्हते तेही रांगेत येऊन उभे राहिले.

"संध्याकाळपर्यंत हे निवळलं नाही, तर सगळ्यांच्या रजा रद्द!" सेनापती कडाडले.

तेवढ्यात प्रवक्त्यांना बायकोचा फोन आला. "अहो, लढाई लागलीय म्हणे! बॅगा रिकाम्या करू का?"

"नाही गं बाई. चालकाला डावीकडे वळायचं होतं, तो उजवीकडे वळला."

"एवढंच? मग सांगत का नाही तसं?"

"परवानगी नाही. तूही कुणाला बोलू नकोस."

"बरं," म्हणून बायको थेट शेजारच्या काकूंकडे गेली. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यातून 'कुणाला सांगू नका' अशी अट घातलेली, मग काय विचारता! संध्याकाळी रांगा मोडल्या, लोक पीठ परत करायला दुकानात भांडू लागले आणि रणगाड्याच्या चालकाला जो तो रस्ता समजावून सांगू लागला.

"पाहिलंत?" सेनापतींनी प्रवक्त्यांची पाठ थोपटली. "तुमच्या दुसऱ्या पत्रकाने गाव शांत केलं!"

खरं सांगावं तर बायको अडचणीत, न सांगावं तर फुकटचं श्रेय गळ्यात. इकडे आड, तिकडे विहीर. प्रवक्ते नुसते हसले.

"असा हुकमी माणूस सोडून कसं चालेल? इतरांच्या रजा राहू देत, तुमची मी स्वतः रद्द केलीय. उद्यापासून सगळ्या अधिकाऱ्यांना शिकवा, लोकांचा विश्वास कसा मिळवायचा ते."

घरी बायको दारातच उभी होती, खुशीत. "मिटलं ना सगळं? निघायचं ना उद्या?"

प्रवक्त्यांनी बॅगांकडे पाहिलं. खूप थकवा आला त्यांना.

"आपल्या प्रवासात," ते म्हणाले, "नियोजित फेरबदल झालाय."

"म्हणजे रद्द," बायको म्हणाली आणि बॅगा रिकाम्या करायला बसली.