मोतीराम काकांची काच

देव्हाडी ते वरठी या प्रवासात मोतीराम काकांना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. अख्खा बाक रिकामा असला तरी नाही. सकाळच्या मेमू लोकलला पहिल्या डब्याच्या टोकाला ड्रायव्हरची केबिन असते, आणि तिच्या दाराला वीतभर काच. त्या काचेला नाक लावलं की समोरचे रूळ थेट पोटात शिरल्यासारखे दिसतात. केबिनमधला ड्रायव्हर आणि त्याचा सहायक सिग्नल दिसला की हात वर करून तो एकमेकांना मोठ्यानं सांगतात. तो त्यांच्या कामाचा नियम आहे. दाराच्या अलीकडून काकाही हात वर करतात. "हिरवा!" आतल्या दोघांच्या आधी.

काकांचं वरठी स्टेशनजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. रेल्वेशी संबंध एवढाच, की पास काढतात.

मी सातारच्या बाजूचा. आठवीत शाळा सोडली आणि वेल्डिंगच्या कामामागं फिरत फिरत इकडं आलो. मला पहिल्यापासून सगळ्याची धास्ती. गाडी चुकेल, मालक काढून टाकेल, गावाकडनं काही वाईट फोन येईल. देव्हाडीत खोली मिळेना तेव्हा काकांनी घरातली मागची खोली दिली. नाव विचारलं, पण वापरलं नाही.

"ये सातारा, इकडं ये. बाजूच्या खिडकीतून काय पायतं? जे गेलं तेच दिसते. समोर पाय."

आणि अर्धी काच मला दिली. हे केवढं मोठं आहे ते मला नंतर कळलं. एका कॉलेजच्या पोरानं व्हिडिओ काढायला तिथं मोबाइल लावला, तर काकांनी त्याला ऐकवलं, "हे काय लग्न हाय काय बे? ड्रायव्हरले काम करू दे." आणि मग स्वतः इतक्या जोरात "पिवळा!" ओरडले की आतला सहायक दचकून मागं बघायला लागला.

घरातही तेच. न्हाणीघर मोकळं झालं की "लाइन क्लिअर!" काकू चिडायच्या बेतात असल्या की माझ्या कानात, "डबल पिवळा हाय. हळू चाल." एकदा काकूंनी ते ऐकलं. "डबल नाई, लालच समजा!" म्हणत त्यांनी ताट आदळलं, आणि मी कारण नसताना दोन पोळ्या कमी खाल्ल्या.

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस वाटेत रुळांचं काम निघालं. गाडी हळू झाली. पुढं एक गँगमन झेंडा धरून उभा होता. काकांचा हात सवयीनं वर गेला आणि तिथंच राहिला. मग हळूच मला म्हणाले,

"सातारा, कोणता झेंडा हाय?"

"हिरवा की. दिसत नाही का?"

"दिसून राहिला ना. रंग समजून नाई राहिला."

मी काचेवरून नाक काढलं. "आणि रोजचे सिग्नल?"

"खालून पयला लाल, दुसरा पिवळा, तिसरा हिरवा. कोणता दिवा पेटला ते पायतो. झेंड्याले खालचं काय अन् वरचं काय?"

त्या दिवशी दुकानाचं शटर उघडता उघडता त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी त्यांना ड्रायव्हर व्हायचं होतं. लेखी परीक्षा पास झाले. मेडिकलला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, त्यात सगळ्यांना आकडे दिसले आणि यांना नुसते ठिपके. घरी येऊन त्यांनी छाती मापात भरली नाही म्हणून सांगितलं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून ती छाती भरावी म्हणून रोज दोन अंडी उकडून देतात. छाती आता शर्टात मावत नाही, पण खरं कारण सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच.

"आता सांगा की," मी म्हणालो.

"आता तर बिलकुल नाई." काकांनी पाना खाली ठेवला. "माया पोरीचा पोरगा, निखिल. ड्रायव्हरच्या परीक्षेत पास झाला. मेडिकल राहिलं. अन् डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं, हे पोरीच्या पोराले येऊ शकते. आलं तर आलं, नाई तर नाई. त्याले इच्छा कोणं लावली? म्या. याच काचेसमोर उभा करून."

पुढच्या आठवड्यात निखिल आला. काकांनी त्याला सकाळच्या गाडीत घेतलं आणि काचेसमोर उभं केलं. मला आधीच बजावलं होतं, "माया डोया काही कामाचा नाई. तू पाय. त्यानं बरोबर सांगतलं तर माया कोपर दाब. सिग्नलचं नाई इचारत, ते तोही दिवा पाहून सांगन."

धान कापणीला यायचे दिवस होते. गाडी सुटली.

"निखिल, तो ट्रॅक्टर कोणता?"

"लाल."

मी कोपर दाबलं.

"त्या बांधावरच्या बाईचं लुगडं?"

"हिरवं. काहून, आबाजी?"

दाबलं. चुकला तर मी काय करणार, हे मी रात्रभर ठरवू शकलो नव्हतो.

"अन् ते कुंपणावर वाळत घातलेलं?"

निखिल थांबला. काचेच्या जवळ गेला.

"लाल... नाई, मरून. आबाजी, मी केजीतला पोट्टा हाय काय? मेडिकलवाले तरी एवढं नाई इचारत असन!"

मी कोपर इतकं दाबलं की काका कळवळले. निखिल कानात वायर खुपसून बाकावर जाऊन बसला. काकांनी काचेला कपाळ टेकलं.

"पक्का ना रे?"

"पक्का, काका. तिन्ही बरोबर."

आत ड्रायव्हरनं सिग्नल सांगितला. काकांचा हात वर गेला नाही. ते बाजूच्या वावरांकडं बघत होते. पन्नास-साठ वर्षं याच धानाच्या मुलखात काढलेला माणूस.

"सातारा, यातलं कोणतं पिकलं अन् कोणतं कच्चं हाय, ते तुले इथूनच दिसते?"

"दिसतं की."

"मी तर दाणा चावून पायतो." मग म्हणाले, "सांग बरं."

मी सांगायला लागलो. हे पिवळं, कापायला आलेलं. त्याच्या पलीकडचं अजून हिरवं, कडेनं जरा पिवळट. हे अर्धं अर्धं. गाडी वेगात होती, माझी जीभ अडखळत होती, एखादं वावर सुटत होतं. काका बोट दाखवत होते.

"अन् ते?"

"हिरवं."

"अन् ते?"