चुंबकाची पारख

खोटं नाणं मी एका क्षणात ओळखतो. चौकोनी भोकाची जुनी जपानी नाणी जमवायचा माझा छंद सात वर्षांचा, आणि फसलो म्हणाल तर एकदाही नाही! युक्ती साधी आहे. ही नाणी काशाची, म्हणजे चुंबकाला चिकटलं की खोटं. विषय संपला.

त्या रविवारी सासऱ्यांनी त्यांचं नाणं बाहेर काढलं. त्यांचे वडील बोटीवर स्वयंपाकी होते, त्यांनी ते जपानहून आणलेलं. सासरे पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण जीव सगळा त्या एका डबीत. मेहुणा, त्याची बायको, शेजारचे दोघे कौतुकाने बघत होते. मला गप्प बसवतंय का कधी? खिशातलं चुंबक काढून नाण्याजवळ नेलं. टक्!

"खोटं आहे, बाबा," मी डॉक्टरसारखं हळुवारपणे सांगितलं.

सासऱ्यांनी डबी बंद केली आणि न जेवताच आत जाऊन पडले. घरी येईपर्यंत बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आल्यावर मात्र बोलली, आणि पुढचे चार दिवस बोलतच होती. पाचव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला, की हे धड जेवत नाहीत, वडिलांचा फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवून ठेवलाय.

मग मी शक्कल लढवली. जुन्या वस्तूंच्या दुकानातून हुबेहूब तसंच काशाचं नाणं आणलं आणि सासरे चष्मा शोधायला उठले तेवढ्यात डबीतलं नाणं बदललं. म्हटलं, बाबा, त्या दिवशी टेबलाच्या खिळ्यामुळे गडबड झाली असणार, पुन्हा बघू. चुंबक लावलं. नाणं जागचं हललं नाही! सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो परत भिंतीवर चढला. भरात येऊन मी ते चुंबकही त्यांना भेट देऊन टाकलं.

काढून आणलेलं नाणं घेऊन मी आमच्या संग्राहकांच्या बैठकीला गेलो, चार लोकांना हसवायला. तिथल्या म्हाताऱ्या घड्याळजींनी ते बराच वेळ भिंगाखाली धरलं.

"अहो, तिकडे तांबं कमी पडायला लागलं तेव्हा लोखंडाचीही नाणी ओतायचे. अस्सल आहे हे. कुठे मिळालं?"

मी उत्तर टाळलं आणि फोनमध्ये डबीत ठेवलेल्या काशाच्या नाण्याचा फोटो दाखवला. त्यांनी पिशवीतून तशीच मूठभर नाणी काढली. काठावरचा ओरखडासुद्धा सगळ्यांना एकाच जागी. "एकाच साच्यातली," ते म्हणाले. "नवख्यांना खोटं नाणं ओळखायला शिकवावं म्हणून ठेवलीत."

तसाच सासरी धावलो. काहीही करून नाणी परत बदलायची. पण दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला, आणि सासरे प्रत्येकाला माझ्याच चुंबकाने परीक्षा करून दाखवत होते. दिवसातून दहा वेळा दाखवतात म्हणे. आता खरं नाणं डबीत ठेवलं, तर पहिल्याच पाहुण्यासमोर ते टक् करून चिकटणार आणि पुन्हा खोटं ठरणार!

सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तोच सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्या माघारी हे नाणं जावईबापूंचं," ते सगळ्यांना म्हणाले. "घरात पारख आहे ती त्यांनाच."

मेहुण्याचं तोंड पडलं. खिशातलं नाणं मला मांडीला टोचत होतं. मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला.